शब्दांना वायसर लावणारे हमीदभाई

मी सिरसाळ्याच्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झाले, त्याच महिन्यात माझा मिक्सर बंद पडला. बाजाराच्या रस्त्याला हमीदभाईंचं मोटारी भरायचं दुकान होतं. मोटार भरणं म्हणजे जळालेल्या मोटारीतली तार उपसून नवी गुंडाळणं. उसाच्या नि कापसाच्या त्या मुलखात हा धंदा बारमाही चालतो. मी मिक्सर त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "जळालाय."

हमीदभाईंनी चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं. "जळताना तुमी बघितला, का कुनाकडून ऐकलं, का आपला अंदाज?"

मला रागच आला. मी शिक्षिका आहे, उलटतपासणी घ्यायचा हक्क माझा. "वास आला," मी म्हणाले.

"मंजी अंदाज." त्यांनी मिक्सर उलटा केला, तळाचं लाल बटण दाबलं, पिन लावली आणि मिक्सर घुर्र करून फिरायला लागला. "फुडच्या टायमाला घरनंच ठरवून या, बाई. बघितलेलं, ऐकलेलं का अंदाज. आमच्या केचुआत त्याबिगर बोलताच येत न्हाई."

केचुआ म्हणजे मोटारीतला एखादा भाग असावा असं समजून मी घरी आले. चार दिवसांनी शाळेच्या शिपायानं सांगितलं, की ती भाषा आहे, दक्षिण अमेरिकेत पेरू नावाच्या देशात डोंगरावर बोलतात, आणि आमच्या हमीदभाईंना ती चढली आहे. पेरू या नावावरून जेवढे विनोद होण्यासारखे होते तेवढे बाजारातल्या फळवाल्यांनी मी गावात यायच्या आधीच उरकून टाकले होते.

आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला ही भाषा लागली कशी, याची हकीकत त्यांनी मला पुढं अनेकदा सांगितली. एकदा परदेशी बनावटीची मोटार दुकानात आली. तिची तार कशी गुंडाळायची ते कळेना, म्हणून ते फोनवर व्हिडिओ शोधत बसले. त्यात त्यांना लुसियो सापडला. हाही मोटारी भरणारा, कुस्कोच्या बाजूला कुठल्याशा डोंगरातल्या गावात दुकान थाटून बसलेला. तो बोलतो काय ते हमीदभाईंना कळत नव्हतं, पण तारेला कुठं भाषा लागते? मोटार भरून झाली. हमीदभाईंनी खाली सलाम लिहिला, लुसियोनं उत्तर दिलं, आणि फोनच्या भाषांतराच्या काठीला धरून दोघांची दोस्ती झाली. लुसियो कॅमेऱ्याकडं बघून स्पॅनिश बोलायचा, पण तार तुटली की वेगळ्याच भाषेत करवादायचा. हमीदभाईंनी विचारलं, ही कुठली? तो म्हणाला, ही आईची. मग हमीदभाई तीच शिकायला बसले. "मानूस ज्या भाषेत चिडतो ती खरी," असं त्यांचं म्हणणं.

त्यांची शिकवायची पद्धत मी आमच्या शाळेत कधी पाहिली नाही. टेबलावर एक लांब बोल्ट उभा करायचे आणि डब्यातली वायसरं पुढं ओतायची. "हा बोल्ट. वासी. वासी मंजी घर." मग एक वायसर घालायचे. "वासिय. माजं घर." ते काढून दुसरं घालायचे. "वासियकी. तुमचं घर. आता हे. वासिकुना. लई घरं." असं करत करत ते एकावर एक चढवत जायचे आणि शेवटी विजयानं म्हणायचे, "वासियकुकुनापी! आमच्या घरांमंदी! एकच शब्द, बाई. बोल्ट तोच, वायसरं बदलायची. आन् क्रम चुकवायचा न्हाई, न्हाईतर आवाज येतो."

मी म्हटलं, "आपल्याकडंही घरात, घराला, घरचा असं आहेच की."

"हाय ना. पन आपुन एक-दोन लावतो आन् थांबतो. ही मान्सं थांबतच न्हाईत." मग त्यांनी मला विचारलं, "बाई, 'आपलं घर' आन् 'आमचं घर' यात फरक काय?"

"दोन्ही सर्वनामंच," मी म्हणाले.

"आपलं मंजी तुमी बी आलात. आमचं मंजी तुमी भाईर. केचुआत त्याला दोन वायसरं हायती. एक 'न्चिस', एक 'यकु'. हिंदीत न्हाई, इंग्रजीत न्हाई. आपल्या मराठीत हाय आन् तिथं डोंगरात हाय." मी एम. ए. मराठी. इतकी वर्षं फळ्यावर सर्वनामं लिहीत आले होते आणि हे मला एक मोटारवाला हाताला लागलेलं, तारेवर ओतायचं वार्निश पुसत सांगत होता. त्या दिवशी मी त्यांचा चहा न पिताच उठले.

त्यांचं सगळ्यात लाडकं वायसर 'योक'. हे ज्या नावाला लावाल ती वस्तू ज्याच्याकडं आहे तो, असा अर्थ होतो. वासियोक म्हणजे ज्याला घर आहे तो. हमीदभाईंनी हे मराठीला बसवून सगळ्या बाजाराला नावं देऊन टाकली. शेळ्या पाळणारा शेळीयोक, बुलेटवरून फिरणारा बुलेटयोक. किराणावाल्याला ते मूळव्याधयोक म्हणायचे आणि तो बिचारा हे काहीतरी मानाचं असेल म्हणून हसायचा. मी छडीयोक, जरी मी जन्मात छडी हातात घेतलेली नाही. त्यांच्या पत्नी नसीमभाभी एकदा आतून ओरडल्या, "और मैं? मैं सरदर्दयोक हूं!" हमीदभाई खूश झाले. घरात दुसरं माणूस भाषा शिकतंय असं त्यांना वाटलं.

पुढं 'नाया' आलं. हे क्रियापदाला लावलं की ते करायची इच्छा होते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की हमीदभाई "झोपनाया" म्हणून खुर्चीत मान टाकायचे. हा रोग शाळेत कसा आला माहीत नाही, पण शनिवारी आख्खा नववीचा वर्ग मला म्हणाला, "बाई, घरीजानाया!" मी त्यांना इच्छार्थी रचनेवर दहा वाक्यं लिहायला लावली. वाक्यं चांगली आली होती, हे कबूल करायला हवं.

पण हे सगळे लाड झाले. हमीदभाईंचा धर्म म्हणावीत अशी वायसरं तीनच होती, सगळ्यात शेवटी बसणारी. केचुआत बोलताना तुम्हाला हे कुठून कळलं तेही बोलावं लागतं. स्वतः बघितलं असेल तर एक प्रत्यय, कुणाकडून ऐकलं असेल तर दुसरा, नुसता अंदाज असेल तर तिसरा. हमीदभाईंनी एकदा हौसेनं लुसियोला कळवलं, की तेलगावला गारा पडल्या. लुसियोनं विचारलं, तू होतास का तिथं? हमीदभाई नव्हते. मग ऐकलेल्याचा प्रत्यय लाव, नाहीतर आमच्याकडं अशा माणसाला लोक खोटारडा समजतात, असं त्यानं लिहिलं. हमीदभाई दोन दिवस जेवले नीट नाहीत. खोटारडा हा शब्द त्यांना आयुष्यात कुणी लावला नव्हता.

तेव्हापासून दुकानात शिस्त लागली. शेतकरी यायचा, म्हणायचा, "भाई, बेरिंग गेली." हमीदभाई विचारायचे, "जाताना दिसली?" माणूस गोंधळायचा. "दिसली न्हाई, पन चुलत्यानं सांगितलं." "चुलत्यानं बघितली?" "चुलता मुंबईला हाय." मग हमीदभाई स्टार्टरची पेटी उघडायचे आणि आत पाल चिकटून मेलेली निघायची. गावात त्यांच्या या उलटतपासणीला वैतागलेले लोक पुष्कळ होते, पण मोटार कुणाची दोनदा जळत नव्हती.

पाण्याच्या टाकीचं उद्घाटन झालं तेव्हा मी पुढच्या रांगेत होते. म्हणजे हे बघितलेलं आहे. गावचे पुढारी अण्णासाहेब, मोठे जमीनदार, यांनी तासभर भाषण केलं आणि मग ज्यानं मोटार बसवली त्या हमीदभाईंनाही दोन शब्द बोलायला लावलं. हमीदभाईंनी माईक धरला. "टाकी मजबूत हाय, असं मी ऐकलंय. पानी समद्या गल्ल्यांत पोचंल, हा अंदाज हाय. मोटार चालू हाय, हे मी सोता बघितलंय. जय हिंद."

टाळ्या इतक्या वाजल्या की अण्णासाहेबांच्या भाषणाला त्याच्या निम्म्याही नव्हत्या. अण्णासाहेबांनी दात ओठ खात विचारलं, "बे हमीद, मी पावना बोलावलाय का साक्षीदार?" आणि महिनाभर बोलणं टाकलं. महिन्यानंतर त्यांच्याच मळ्यातली मोटार बंद पडली. ते दुकानापुढं गाडीतून उतरले आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाले, "सोता बघितलंय. धूर सोता बघितलाय. चल आता."

आता नाजमीनचं सांगते. हमीदभाईंची एकुलती एक मुलगी, औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला. शांत, हुशार, बापासारखंच चष्म्यावरून बघणारी. उमापूरच्या मोसंबीच्या व्यापाऱ्याच्या मुलाशी, इम्रानशी, तिचं लग्न ठरलं. तारीख अशी पडली की लग्नानंतर आठव्या दिवशी बीडला तिची शेवटची परीक्षा. ती एक दिवस माझ्याकडं आली आणि म्हणाली, "बाई, परीक्षा देऊ देतील ना? दोन वर्षं गेलीत माजी." मी तिला घेऊन दुकानात गेले. हमीदभाई मोटारीत डोकं घालून बसले होते. मी विचारल्यावर ते वर न बघता म्हणाले, "मान्य हाय त्यान्ला. देऊ देतील." नाजमीन हसली आणि घरी गेली. मीही गेले. मला त्यात काही खटकलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

निकाहच्या दिवशी मी बायकांच्या खोलीत नवरीजवळ बसले होते. ज्यांनी निकाह बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते. काझी पुरुषांकडं बसतात. नवरीच्या बाजूचा एक वकील, म्हणजे तिच्या वतीनं बोलणारा माणूस, आणि दोन गवाह तिच्याकडं येऊन कबूल आहे का विचारतात, तिचा होकार आपल्या कानांनी ऐकतात आणि बाहेर जाऊन सांगतात. नियम असा चोख आहे. पण त्या खोलीत चाळीस बायका, अकरा लहान मुलं आणि एक कूलर होता. नाजमीनचे मामू वकील म्हणून दाराशी आले, मागं दोन गवाह. त्यांनी काहीतरी विचारलं. ते मलाही ऐकू आलं नाही, मी तर नवरीला खेटून बसले होते. नाजमीनची फुफी, म्हणजे हमीदभाईंची थोरली बहीण, दारात उभी होती. तिनं मागं वळून न बघता हात हलवला, "हौ बोली, हौ बोली! जाओ, बिर्यानी ठंडी हो री!" आणि ते गेले.

नाजमीन काही बोलली नव्हती. मी तिच्याकडं बघितलं तर तिचे डोळे भरलेले. मी म्हटलं, "काय गं?" ती म्हणाली, "बाई, मला कुनी इचारलंच न्हाई."

मी काही करावं की करू नये या विचारात असतानाच बाहेरून हमीदभाईंचा आवाज आला. पडद्याच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. मामू काझींना म्हणाले होते, लडकी को कबूल है. आणि हमीदभाई उभे राहिले होते.

"साले साहब, तुमने सुना?"

"आपा ने बोला ना, हौ बोली करके."

"आपा ने बोला वो सुना. नाजमीन को सुना क्या?" मग ते गवाहांकडं वळले. "तुमने? और तुमने?"

एक गवाह म्हणाला, अंदाज तो हौच का है. दुसऱ्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली.

मांडवात गलका झाला. उमापूरचे व्याही उठून उभे राहिले. "ये क्या बेइज्जती है? बारात वापस ले जाऊं?" नसीमभाभींनी आत कपाळावर हात मारला. त्या मला मराठीत म्हणाल्या, "बाई, या मान्साला त्या पेरूनं खाल्लं." हमीदभाई मात्र मामूंचा दंड धरून त्यांना परत आमच्या दाराशी घेऊन आले. "आपल्या कानानं ऐकून या. तोवर काझीसाब बसलेत."

बायका पुन्हा सुरू झाल्या. तेव्हा मी माझ्या नोकरीतलं एकमेव कौशल्य वापरलं. मी ओरडले, "गप्प बसा!" चाळीस बायका, अकरा मुलं गप्प. कूलर कुणीतरी बंद केला.

मामूंनी घसा साफ करून विचारलं. नाजमीननं मान वर केली आणि मामूंच्या मागं उभ्या असलेल्या बापाकडं बघितलं. "अब्बा, परीक्षा देऊ देणार हे तुमी सोता ऐकलं का?"

हमीदभाईंचा चेहरा मी कधी विसरणार नाही. उद्घाटनाच्या माईकवर न डगमगलेला माणूस दाराच्या चौकटीला टेकला. ते म्हणाले, "न्हाई बेटा. लग्न जमवणाऱ्या जब्बारमियांनी सांगितलं, की ते मानतील. मी तुला सांगताना तेवढं गाळलं."

मला त्यांची भयंकर दया आली आणि तितकाच रागही आला. गावभर लोकांच्या बेरिंगा तपासत फिरले आणि स्वतःच्या लेकीला ऐकीव गोष्ट खरी म्हणून दिली! कारण उघड होतं. त्यांना ते खरं असायला हवं होतं. नाजमीन रागावली नाही. ती एवढंच म्हणाली, "तर मंग इचारून या. मी बसलीय इथंच."

हमीदभाई गेले. ते व्याह्यांना ओलांडून सरळ फुलांच्या सेहऱ्यात बुडालेल्या नवरदेवापुढं जाऊन बसले. त्यांनी दोन्ही हातांनी सेहरा बाजूला केला, स्टार्टरची पेटी उघडतात तसा. "इम्रान बेटा, आठ दिन के बाद इसकी परीक्षा है. देने देंगे क्या?"

इम्रान दचकला. घामानं त्याची काजळरेघ गालावर आली होती. "परीक्षा? कौनसी परीक्षा? मुझे तो किसी ने बताया ही नै!"

मांडवातल्या सगळ्यांनी जब्बारमियांकडं माना वळवल्या. ते जागेवर नव्हते. ते बिर्यानीच्या देगेकडं सरकले होते.

"देने दो ना," इम्रान म्हणाला. "मैं खुद बीड को छोड़ता गाड़ी पे." मग बापाकडं बघून जरा दबकून म्हणाला, "छोड़ूं ना, अब्बा?" व्याह्यांनी इकडं तिकडं बघितलं. तीनशे माणसं त्यांच्याकडं कान लावून बसली होती. "छोड़ ना," ते म्हणाले आणि धपकन खाली बसले. हमीदभाईंनी गवाहांना विचारलं, "सुना?" दोघंही शाळेतल्या पोरांसारखे एका सुरात म्हणाले, "सुना!"

तिसऱ्यांदा मामू दाराशी आले तेव्हा नाजमीन इतक्या मोठ्यानं "कबूल" म्हणाली, की देगेपाशी बसलेला आचारी तिकडून "मुबारक" ओरडला. फुफी म्हणाली, नवरीनं असं ओरडायचं असतं का? हमीदभाई पडद्याबाहेर उभे राहून रडत होते, आणि कुणी विचारलं तर वार्निशचा वास डोळ्यांत गेला म्हणत होते. लग्नाच्या मांडवात वार्निश कुठलं.

नाजमीननं परीक्षा दिली आणि इम्राननं तिला मोटारसायकलवर नेलं. हे मी बघितलेलं नाही. नसीमभाभींनी सांगितलं.

पुढच्याच महिन्यात मला आमच्या गावाजवळच्या शाळेत नोकरी मिळाली आणि मी सिरसाळा सोडलं. निघाले त्या सकाळी स्टँडवर हमीदभाई भेटले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर नवी टोपी, आणि हात कधी नव्हे ते स्वच्छ. दुकान उघडायच्या वेळेला हा माणूस इथं बघून मला आश्चर्य वाटलं.

"कुठं निघालात?"

"उमापूरला. तेलगावला गाडी बदलायची."

"नाजमीन बरी आहे ना?"

"रोज फोन करती. लई खूश हाय म्हनती. सासू चांगली, नवरा चांगला, जेवन चांगलं."

"मग आता काय काम काढलंत?"

ते गाडी येते का बघायला दोन पावलं पुढं झाले. मी विचारलं, "तुम्ही येताय म्हणून कळवलंत तरी?"

"छ्या! कळवलं की समदेच खूश दिसतेत."

गाडी आली. दारात गर्दी झाली, त्यांनी टोपी एका हातानं धरली आणि दुसऱ्या हातानं दांडा. पायरीवरून ते माझ्याकडं वळले.

"अजून ऐकलेलंच हाय ना, बाई," ते म्हणाले. "बगून येतो."